होस्टेलच्या लिस्टमध्ये नाव नाही, अप-डाऊन करून लायब्ररी जमते का?

खारपाणपट्ट्यातली

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय इथं, चुकलं तर सांभाळून घ्या. मला यंदा विद्यापीठाच्या कॅम्पसवर एम.एस्सी. बॉटनीला ॲडमिशन भेटली. घरात इतकं शिकणारी मी पहिलीच, त्यामुळे विचारायला कोणी नाही. मुलींच्या होस्टेलची पहिली लिस्ट लागली त्यात माझं नाव नाही, वेटिंगला १९ नंबर आहे. दुसरी लिस्ट कधी लागते विचारलं तर "लागली की कळेल" म्हणून खिडकी लावून घेतली.

गाव ते तालुका ९ किलोमीटर, तालुका ते शहर ४८, आणि स्टँडपासून कॅम्पस आणखी ५, ते ऑटोनं. सकाळी सहाच्या गाडीत बसते तेव्हा साडेआठ-पावणेनऊला पोचते. प्रॅक्टिकल साडेचारला सुटते. तालुक्यावरून गावाकडची शेवटची गाडी साडेसातची आहे, ती सापडायची असेल तर शहरातून साडेपाचची पकडावीच लागते, म्हणजे पाचला कॅम्पस सोडायचा. लायब्ररीला उरला अर्धा तास, त्यातली दहा-पंधरा मिनिटं बॅग ठेवून टोकन घेण्यात आणि लाईनमध्ये जातात.

मागच्या आठवड्यात टॅक्सॉनॉमीच्या मॅडमनी आपापल्या गावातली दहा झाडं आणून ओळखायला सांगितली. मी आमच्याच धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून आणली, पेपरात दाबून, वर वजन म्हणून बाबांची युरियाची अर्धी गोणी ठेवून. पण ओळखायला फ्लोराचे, म्हणजे एखाद्या भागातल्या वनस्पतींची वर्णनं असलेल्या ग्रंथाचे, जे जाडे खंड लागतात ते सगळे रेफरन्समध्ये, घरी देत नाहीत. खंड उघडला, भिंगातून फूल पाहिलं, कुळापर्यंत आली आणि घड्याळात पाच वाजले. दोन झाडं झाली, आठ राहिली. तो खंड परत कपाटात लावताना रडूच आलं मला, खरं सांगते.

बाबा म्हणतात रूम करू, पण त्यांचा हात आत्ताच पेरणीत आणि फवारणीत रिकामा झाला आहे, अन् रूमवाले दोन महिन्यांचं डिपॉझिट आधी मागतात. आम्ही ओबीसीत येतो. तर विचारायचं हे की वेटिंग १९ चं काही होते का, का आशा सोडू? अन् तोपर्यंत अप-डाऊन करून लायब्ररीचा उपयोग कसा करून घ्यायचा? कोणी असं केलं असेल तर प्लीज सांगा.

मोर्शी_रिटर्न

ताई आधी अभिनंदन. १९ म्हणजे काही गेलेलं नाही, आशा सोडू नका. माझा मुलांच्या होस्टेलला २७ होता आणि मला दिवाळीच्या आधी रूम भेटली. होते काय, पहिल्या लिस्टमधली बरीच पोरं बी.एड.ला लागतात, कोणाची दुसरीकडं ॲडमिशन होते, कोणी पैसे भरत नाही, त्या जागा हळूहळू मोकळ्या होत जातात. पण त्या मोकळ्या झाल्या हे तुम्हाला घरी फोन करून कोणी सांगत नाही. दर सोमवारी रेक्टर ऑफिसला जायचं, तोंडी विचारून यायचं नाही, गाव ते कॅम्पस अंतर, गाडीच्या वेळा, सगळं लिहून अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का घ्यायचा. तो शिक्का असला की पुढच्या वेळी बोलण्यात फरक पडतो, हे माझा अनुभव सांगतो. अन् एक, कोणत्या मैत्रिणीच्या रूमवर नाव न लावता राहू नका, पकडल्या गेलं तर तिचीही रूम जाते आणि तुमचा वेटिंगही.

पैशाचं सांगतो. तुम्ही ओबीसी आहात तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना पाहा. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके), एसबीसी (विशेष मागास) यांच्यासाठी आहे, जिल्ह्याला ६०० विद्यार्थी, घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे. शासकीय वसतिगृह न भेटल्यावर जेवण, राहणं आणि निर्वाह मिळून पैसे थेट आधार लिंक खात्यात येतात. मुंबई-पुणे-नागपूर अशा ठिकाणी वर्षाला ६० हजार, इतर महानगरपालिकेच्या शहरात ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ आणि तालुक्याला ३८ हजार. एससीवाल्यांसाठी अशीच स्वाधार आहे २०१६-१७ पासून, एसटीवाल्यांसाठी स्वयंम. मी स्वाधारवर शिकलो म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो, योजना चांगली आहे पण पैसा उशिरा येतो. माझा पहिला हप्ता आला तेव्हा दुसरं सेमिस्टर सुरू झालं होतं. त्यामुळे तो पैसा येईल या भरवशावर आजचं डिपॉझिट ठरवू नका, उसनं घेतलं तर फेडायला मात्र कामी येते.

होस्टेलच घ्या, उशीर झाला तरी चालेल. मी पहिले चार महिने अप-डाऊन केलं, त्या चार महिन्यात लायब्ररीतून फक्त दोन पुस्तकं घेतली आणि दोन्ही लेट फी देऊन परत केली. रूम भेटल्यावर रात्री जेवून रिडींग रूममध्ये जाऊन बसायचो तेव्हा कळलं की विद्यापीठात आपण काय करायला आलो.

कापूस_अन्_तूर

पोरी, मी शिकलेला नाई जास्त, बारावीपर्यंत हाय, पण माह्यी पोरगी तुह्यासारखीच एका वर्षाआधी अप-डाऊन करे म्हणून लिवतो. रात्री आठ-सव्वाआठले फाट्यावर गाडी घेऊन उभा राहो मी, पाणी असो का काही असो. घरी आली का हातपाय धुवे, ताटावर बसे अन् जेवता जेवता डोळे मिटे तिचे. पुस्तक पिशवीतून निघेच नाई. तिची माय म्हणे अहो हे शिकून राह्यली का फिरून राह्यली. म्या मंग दोन बकऱ्या इकल्या अन् तिले रूम करून देली, तीन पोरी मिळून. तुह्या बाबाले सांग का रूमवाल्याले डिपॉझिट दोन टप्प्यात इचार, एक आता अन् एक कापूस निघाल्यावर. आमच्या रूमवाल्या बाईनं आयकलं, तिचं माहेर खेड्यातलंच होतं.

जेवनाची काळजी करू नको. आमचा डबा सकाळच्या पहिल्या गाडीत जाते. कापडाची पिशवी, तिच्यावर काळ्या मार्करनं नाव अन् कॉलेज, आत भाकर, आंबाडीची नाई तं वांग्याची भाजी, अन् ठेचा वेगळ्या डबीत का तेल भाजीत उतरू नये. ड्रायव्हरच्या मांगं लटकवतो, ती स्टँडवर उभी राह्यते, कालचा रिकामा डबा त्याच गाडीनं वापस येते. आमचे ड्रायव्हर-कंडक्टर पोरीले नावानं ओळखतात आता. मेसचे पैसे वाचले अन् तिच्या मायले बी बरं वाटते.

जोवर अप-डाऊन हाय तोवर तिकीट काढत बसू नको, पास काढ. बायायले अर्धं तिकीट झालं २०२३ च्या मार्चपासून हे खरं हाय, पण इद्यार्थ्याच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सूट हाय, म्हणजे तिसरा हिस्साच भरा लागते. आमच्या गावात किती पोरी अजूनबी अर्ध्या तिकिटावर जातात, सांगणारंच कोणी नाई.

अन् रडू नको. आपल्या इकडच्या माणसाले होस्टेलचं मोल कळते. गाडगेबाबा सोता शाळेत गेले नाईत पण पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मधे बाबासाहेबायच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखायनं अमरावतीले श्रद्धानंद छात्रालय काढलं थे काऊन? खेड्यातलं पोट्टं शहरात टिकलं पायजे म्हणून. त्या छात्रालयातून शिकलेले मास्तर आमच्या गावात होते, म्हणून मी बारावी तरी झालो.

इशू_काउंटर

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, वीस वर्षांच्या वर झाली. तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून जरा मोठं लिहितो.

रेफरन्सचे खंड घरी देत नाहीत ते बरोबर आहे, एकच प्रत असते आणि वाचणारे शंभर. पण दोन गोष्टी करता येतात. एक, विभागप्रमुखांची चिठ्ठी आणली तर बरीच ग्रंथालयं बंद व्हायच्या वेळेला खंड देतात आणि सकाळी उघडल्यावर परत घेतात, तुझ्या अप-डाऊनमध्ये ते बसणार नाही पण होस्टेल झाल्यावर लक्षात ठेव. दुसरी, तुला पूर्ण खंड लागत नाही, तुला लागते ती कुळाची 'की', म्हणजे लक्षणांवरून झाड ओळखायचा तक्ता, आणि त्या त्या प्रजातीचं वर्णन, म्हणजे सात-आठ पानं. तेवढी मोबाईलवर काढून घे. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात स्वतःच्या अभ्यासासाठी वाजवी वापराची मुभा आहे, घाबरू नको, फक्त अख्खा खंड स्कॅन करत बसू नको. झाड हातात आणि पानं मोबाईलमध्ये असली तर ओळखायचं काम तू घरी ओसरीवर बसून करू शकते, आणि ताजं झाड असताना ते जास्त चांगलं होते.

अर्धा तास वाया जातो तो मुख्यतः शोधण्यात. गाडीत बसल्या बसल्या ग्रंथालयाचं ओपॅक, म्हणजे पुस्तकांची ऑनलाइन यादी, उघड, पुस्तक आत आहे का बाहेर गेलंय ते पाहा, कॉल नंबर वहीत लिहून आण. ड्यूईच्या विषयवार आकड्यांप्रमाणे लावलेलं ग्रंथालय असेल तर बॉटनी ५८० पासून सुरू होते, सरळ त्या कपाटाशी जा. आणि रेफरन्सच्या टेबलावर जो कोणी बसतो त्याच्याशी ओळख कर. नाव सांग, गाडीची वेळ सांग, म्हणा की उद्या साडेचारला येते, हा खंड काढून ठेवाल का. आम्ही ठेवतो ताई. रंगनाथन सरांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं सांगितली त्यातलं चौथं आहे वाचकाचा वेळ वाचवा, आम्हाला परीक्षेत पाठ होतं ते, पण वाचक समोर येऊन आपली अडचण सांगतच नाही, चार मिनिटं कपाटासमोर उभा राहतो आणि निघून जातो.

आता जे बहुतेक पोरांना माहीतच नाही ते. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू आहे, ३० प्रकाशकांची १३ हजारांवर जर्नल्स सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना खुली झाली. राज्य विद्यापीठं त्यात आहेत. कॅम्पसच्या नेटवर ते उघडते, पण बाहेरून, म्हणजे तुझ्या गावातून, बघायचं असेल तर ग्रंथालयातून लॉगिन करून घ्यावं लागते. पहिल्या आठवड्यात येऊन ते करून घे, पुस्तकाच्या कार्डाइतकंच ते महत्त्वाचं आहे. गावात रेंज नसेल तर कॅम्पसवर पेपर डाउनलोड करून घरी वाच. शोधगंगा या साईटवरचे पीएच.डी.चे प्रबंध बघायला तर लॉगिनही लागत नाही, तुझ्याच जिल्ह्यातल्या वनस्पतींवर कोणी काम केलं असेल तर तिथं बघ, झाडांची मराठी नावं आणि गावंसुद्धा भेटतात त्यात.

बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी म्हणून साईट आहे, जुने इंग्रजांच्या काळचे फ्लोरा फुकट आहेत. पण एक धरून चाल, आपला वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. मुंबई इलाख्याचा जुना फ्लोरा उघडून आपल्या धुऱ्यावरचं झाड त्यात सापडलं नाही तर चूक तुझी नाही.

टॉर्चवाली

मी पीएच.डी. करतेय, तीन वर्षं होस्टेलला आणि आता दोन वर्षं रूमवर, त्यामुळे मोर्शीवाल्या दादाचं अर्धंच पटलं. त्यांनी रात्री जेवून रिडींग रूमला जायचं म्हटलं ते मुलांचं झालं. आमच्या होस्टेलचं गेट साडेसातला बंद व्हायचं आणि रिडींग रूम रात्री दहापर्यंत उघडी, म्हणजे पाटीवर सगळ्यांसाठी आणि खरं फक्त मुलांसाठी. कॅम्पसवर राहूनही आम्ही खिडकीतून रिडींग रूमचे लाईट बघायचो. होस्टेलच्या खोलीत तीन जणी, एक ट्यूब, एकीला झोपायचं, एकीचा फोन सुरू, तिथं काय वाचणार.

मग आम्ही ४६ जणींनी सह्या करून अर्ज दिला. पहिल्यांदा उत्तर आलं की तुमच्या सुरक्षेसाठीच आहे हे. आम्ही म्हटलं सुरक्षा द्या ना मग, रस्त्यावरचे बंद लाईट लावा. दोन महिने लागले, पण शेवटी नऊला एक गार्ड दादा रिडींग रूमच्या दाराशी येऊन उभे राहायचे, आम्ही दहा-बारा जणी त्यांच्यासोबत टॉर्च घेऊन होस्टेलपर्यंत चालत जायचो. पहिल्या रात्री रस्त्यात कोणीच बोललं नाही, सगळ्या फक्त चालत होत्या, एवढी सवय नव्हती रात्री त्या रस्त्यावर असायची. म्हणून ताई तुला होस्टेल भेटलं की पहिला प्रश्न गेटच्या वेळेचा विचार, मेसचा नंतर.

रूम घेतली तर कॅम्पसपासून चालत जाता येईल अशीच घे, शहरात स्वस्त भेटते म्हणून स्टँडजवळ घेशील तर अप-डाऊनच झालं ते, फक्त लहान. बघायला जाताना नळ किती दिवसाआड येते ते घरमालकाला नाही, आधीच्या पोरींना विचार. उन्हाळ्यात कूलर लागतोच आपल्याकडं, लाईट बिलाचं मीटर वेगळं आहे का ते विचार, नाहीतर मेमध्ये भांडण ठरलेलं. आणि सगळ्यात आधी हे विचार की भाड्याचं करारपत्र देणार का. आधार योजनेच्या अर्जाला राहण्याचा कागद लागतो आणि बरेच घरमालक नको म्हणतात, आमच्या एका मैत्रिणीचं तेवढ्यासाठी वर्ष गेलं.

मोर्शी_रिटर्न

गेटचं खरंच डोक्यात आलं नव्हतं ताई, बरं झालं सांगितलं. आमच्या बॅचच्या मुली सात वाजता उठून जायच्या रिडींग रूममधून, आम्हाला वाटायचं त्यांचं वाचून झालं असेल. करारपत्राचं पण बरोबर आहे, मी विसरलो होतो लिहायला.

खारपाणपट्ट्यातली

उशिरा उत्तर देतेय, तालुक्याला आल्याशिवाय नीट रेंज नाही. सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचं वाचून बाबांना दाखवलं, ते दोनदा वाचायला लावलं त्यांनी.

सोमवारी रेक्टर ऑफिसला लेखी अर्ज दिला, शिक्का घेतला. वेटिंग आता ११ आहे. गेटची वेळ विचारली, आठची आहे म्हणे, लिहून ठेवली. पास काढला. लायब्ररीत लॉगिनचा फॉर्म भरला, दोन दिवसात सुरू होईल म्हणाले. आणि इशू काउंटर सर, तुम्ही म्हटलं तसं रेफरन्सच्या टेबलावर जाऊन सांगितलं, मला बोलायला खूप जड गेलं पण बोलली. तिथं एक मावशी आहेत. काल साडेचारला गेली तर खंड टेबलावर काढून ठेवलेला, त्यात कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर माझं आडनाव नाही, "साडेपाचची गाडी" असं लिहिलेलं. पंचवीस मिनिटात चार कुळांची पानं काढून घेतली.

रूमचं बाबांनी ठरवलंय की दसऱ्यापर्यंत होस्टेलची वाट पाहू, नाही झालं तर कापसाच्या पहिल्या वेचणीवर रूम. कॅम्पसजवळ दोन पोरी तिसरी शोधताहेत, बोलणं सुरू आहे, करारपत्राचं विचारलं तर देते म्हणाल्या घरमालकीण.

दहापैकी नऊ झाडं झाली. एक अडलंय. वेल आहे, पानं समोरासमोर आणि बदामासारखी, तोडलं की पांढरा चीक निघते, फुलं हिरवट पांढरी लोंबती, आणि शेंगा जोडीजोडीनं, त्यावर मऊ काट्यांसारखं. जुन्या खंडात पानं चाळली, ॲपोसायनेसीत नाही सापडली.

कापूस_अन्_तूर

पोरी थे उतरण हाय. आमच्या कुपाटीवर चढलेली हाय, शेंग फुटली का आतून कापसासारखं उडते.

इशू_काउंटर

काकांनी सांगितलं तेच, उतरण, पर्ग्युलॅरिया डेमिया. नव्या वर्गीकरणात ते ॲपोसायनेसीत टाकलंय, पण जुन्या खंडात ॲस्क्लेपिएडेसी वेगळं कुळ आहे, रुईच्या आसपासची पानं बघ, तिथं आहे. मावशींना उद्या तोच खंड परत काढून ठेवायला सांग. आणि हर्बेरियमच्या, म्हणजे दाबून वाळवलेल्या नमुन्याच्या लेबलवर स्थानिक नाव म्हणून उतरण लिही, गावाचं नाव आणि तारीख टाक.